चेन टाईट करण्याआधी: मोटारसायकलची चेन घरी तपासणं, साफ करणं आणि ढील बसवणं

प्रश्न थोडक्यात असा आहे: १५० सीसीची गाडी, सोळा हजार किलोमीटर झालेली. चेनचा आवाज येतो म्हणून गॅरेजमध्ये टाईट करून घेतली, तर गाडी गुणगुणायला लागली आणि ढकलताना जड वाटू लागली. परत सैल करून घेतली, तर चार दिवसांत चेन खालून आपटायला लागली. हे काम घरी करता येईल का, सामान काय लागेल, आणि चेन किट (चेन आणि तिची दोन्ही दातेरी चाकं) बदलायची वेळ आली आहे का?

घरी नक्की करता येईल, आणि गॅरेजपेक्षा चांगलं होईल. गॅरेजमध्ये या कामाला पाच मिनिटं मिळतात. पाना लावला, दोन्हीकडे अर्धा-अर्धा फेरा दिला, बोटाने एकदा चेन हलवून बघितली, गाडी तयार. तुमच्या गाडीची लक्षणं बघता चेन सगळीकडे सारखी सैल नाही. एका जागी ओढलेली आणि दुसऱ्या जागी लोंबलेली आहे. अशी चेन सैल जागेवर मोजून टाईट केली, की ओढलेली जागा फिरून येताच गिअरबॉक्सचा शाफ्ट आणि मागच्या चाकाची बेअरिंगं एकमेकांकडे खेचली जातात. गुणगुण तिथून येते. सैल चेनपेक्षा चुकीच्या जागी मोजून जास्त टाईट केलेली चेन गाडीचं जास्त नुकसान करते, असं माझं ठाम मत आहे. म्हणून पाना हातात घ्यायच्या आधी मोजायचं, आणि मोजायच्या आधी साफ करायचं.

चेनला ढील, म्हणजे वर-खाली हलण्याइतका सैलपणा, लागतेच कशाला, हे आधी समजून घ्या. पुढचा स्प्रॉकेट, म्हणजे दातेरी चाक, इंजिनला आहे, मागचा चाकाला. मागचं चाक स्विंगआर्मवर, म्हणजे चाक धरणाऱ्या दुहेरी दांडीवर, वर-खाली होतं, पण स्विंगआर्म ज्या बोल्टवर फिरतो तो पुढच्या स्प्रॉकेटच्या केंद्रावर नसतो, त्याच्या थोडा मागे असतो. त्यामुळे चाक वर-खाली होताना दोन स्प्रॉकेटमधलं अंतर बदलतं. पुढच्या स्प्रॉकेटचं केंद्र, स्विंगआर्मचा बोल्ट आणि मागचा एक्सल (चाकाचा मधला दांडा) हे तिन्ही एका रेषेत आले की अंतर सर्वांत जास्त आणि चेन सर्वांत ताणलेली. डबल स्टँडवर चाक लोंबतं तेव्हा ही स्थिती नसते. ती येते दोघं बसल्यावर, पुढे गॅसची टाकी किंवा मागे धान्याचं पोतं असताना, खड्ड्यात शॉकअप दबल्यावर. स्टँडवर ठेवलेली २५-३० मिमीची ढील त्या क्षणासाठी राखून ठेवलेली असते. स्टँडवरच चेन तारेसारखी ताणली, तर खड्ड्यात ती ताणायला जागाच उरत नाही आणि सगळा झटका शाफ्टच्या बेअरिंगवर जातो. पुढच्या स्प्रॉकेटमागचं ऑईल सील गळायला लागण्याचं हे एक नेहमीचं कारण आहे.

ढील किती हवी, हा आकडा तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये किंवा स्विंगआर्मवर, चेन कव्हरवर चिकटवलेल्या स्टिकरवर असतो. १०० ते १५० सीसीच्या बहुतेक गाड्यांना २० ते ३० किंवा २५ ते ३५ मिमी सांगितलेली असते. लांब शॉकअपच्या, कच्च्या रस्त्याच्या गाड्यांना ३५-४५ किंवा त्याहूनही जास्त. ती डबल स्टँडवर मोजायची की साईड स्टँडवर, हेही तिथेच लिहिलेलं असतं आणि दोन्हीकडचे आकडे वेगळे येतात, म्हणून ते वाक्य नीट वाचा. माझा सल्ला: दिलेल्या मर्यादेत वरच्या आकड्याजवळ ठेवा. २० ते ३० असेल तर २८ ठेवा, २० नको. रोज मागे कुणी बसत असेल तर विशेषच.

सामान फार लागत नाही. एक्सलच्या नटाला लागेल तो रिंग पाना किंवा सॉकेट (१७ पासून २४ पर्यंत कुठलाही असू शकतो), दुसऱ्या बाजूला एक्सल धरायला तेवढाच दुसरा पाना, अ‍ॅडजस्टरसाठी (एक्सल मागे-पुढे सरकवणाऱ्या बोल्टसाठी) १०, १२ किंवा १३ चा. ३० सेंटिमीटरची स्टीलची पट्टी, खडू किंवा मार्कर, नायलॉनच्या तारांचा ब्रश, जुन्या बनियनची दोन-तीन फडकी, खाली पसरायला पुठ्ठा. ड्रम ब्रेकची गाडी असेल तर टॉर्क आर्मच्या (ब्रेकची प्लेट फिरू न देणाऱ्या दांडीच्या) नटाचा पानाही. टॉर्क रेंच (ठरावीक जोराने नट आवळायचा पाना) मिळाला तर उत्तम. एक्सलच्या नटाचा आकडा मॅन्युअलमध्ये असतो आणि गाडीगणिक बराच फरक असतो, दुसऱ्या गाडीचा आकडा लावू नका. टूलकिटमधला पत्र्याचा पाना एक्सलच्या नटावर चालवू नका. तो घसरतो, नटाचे कोपरे गोल करतो आणि मग कुठलाच पाना धरत नाही.

एक गोष्ट मात्र निक्षून. इंजिन बंद, चावी काढून खिशात, गाडी न्यूट्रलमध्ये. गाडी डबल स्टँडवर घेऊन, पहिला गिअर टाकून, चाक आपोआप फिरत असताना चेनला फडकं किंवा ब्रश लावायची पद्धत सगळीकडे दिसते. स्प्रॉकेट आणि चेनमध्ये फडक्याचं टोक गेलं की बोट मागोमाग जातं, आणि आयडलिंगवर चालणाऱ्या इंजिनलाही बोटाचं पेर कापायला काहीच जोर लागत नाही. चाक हातानेच फिरवा. तेही उलट, म्हणजे गाडी मागे जाताना फिरतं तसं, आणि फडकं खालच्या पट्ट्यावर, म्हणजे दोन स्प्रॉकेटमधल्या चेनच्या खालच्या भागावर, मधोमध धरा. चाक उलटं फिरवलं की खालची चेन मागच्या स्प्रॉकेटपासून दूर जाते. सुलटं फिरवलं तर तीच चेन तुमचा हात स्प्रॉकेटकडे ओढून नेते.

आता साफसफाई. आधी तुमची चेन कोणत्या जातीची आहे ते बघा. कडीची बाहेरची आणि आतली पट्टी यांच्यामधल्या फटीत काळी रबरी कडी दिसली तर ती ओ-रिंगची चेन. त्या रबराच्या आत, पिन आणि बुशच्या (पिनभोवतीच्या नळीच्या) मध्ये, कारखान्यात भरलेलं ग्रीस कोंडलेलं असतं. रबर शाबूत तोवर ते ग्रीस टिकतं आणि ते बाहेरून पुन्हा भरता येत नाही. रबर दिसलं नाही तर साधी चेन. तिच्या पिनांपर्यंत तेल पोचवणं हे तुमचंच काम. पूर्ण बंद चेन कव्हर असलेल्या १०० सीसीच्या गाड्यांत बहुधा साधीच चेन असते.

ओ-रिंगवाल्या चेनला रॉकेल चालतं, चेनसाठी बनवलेला क्लीनर स्प्रे चालतो. रॉकेल आता सहज मिळत नाही म्हणून पुष्कळ जण डिझेल वापरतात. चालून जातं, पण मागे तेलकट थर राहतो आणि त्यावर धूळ बसते, म्हणून नंतर कोरडं पुसणं दुप्पट करावं लागतं. पेट्रोल आणि थिनर वापरू नका. रबर फुगतं, कडक होतं, चिरतं. शिवाय बंद पार्किंगमध्ये पेट्रोलची वाफ ही वेगळीच आफत. तारेचा ब्रशही नको, त्याने रबराचे तुकडे पडतात. सर्व्हिस सेंटरवरचा प्रेशर वॉटरचा फवारा जवळून चेनवर मारू देऊ नका. तो पाणी रबराच्या आत ढकलतो, आणि आत गेलेलं पाणी बाहेर येत नाही.

फडकं रॉकेलने भिजवून आधी पट्ट्यांच्या बाहेरची काळी साय पुसा, मग ब्रशने आतून, बाहेरून, वरून, खालून घासा. ब्रश भिजवायचा, चेनवर रॉकेल ओतायचं नाही; ओतलेलं सगळं टायरवर आणि ब्रेकवर जातं. डिस्क ब्रेक असेल तर डिस्क आणि चेन यांच्यामध्ये पुठ्ठ्याचा तुकडा आडवा धरा. नंतर कोरड्या फडक्याने चेन दोन-तीन वेळा पुसा आणि दहा-पंधरा मिनिटं वाळू द्या. वाळेपर्यंत पुढच्या स्प्रॉकेटचं कव्हर उघडून आत बघा. जुनं ग्रीस, माती आणि केस यांचा बोटभर जाड थर तिथे साचलेला असतो. कोकणातल्या लाल मातीत चालणाऱ्या गाडीत तर तो पावसाळ्यानंतर विटेसारखा कडक होतो आणि चेनला घासतो. स्क्रू ड्रायव्हरने खरवडून काढा. त्याच वेळी शाफ्टच्या सीलभोवती ताजं तेल ओघळलेलं आहे का ते बघा.

चेन स्वच्छ झाली की चाक हळूहळू फिरवून प्रत्येक कडी बघा. एखादी कडी स्प्रॉकेटवरून उतरल्यावर सरळ न होता वाकलेलीच राहते का? ती जाम कडी. गंज किंवा सुकलेलं ग्रीस हे कारण असेल तर तेल टाकून हाताने दोन्ही बाजूंना हलवल्यावर ती मोकळी होते. ओ-रिंगच्या चेनमध्ये अशा तीन-चार कड्या असतील आणि सांध्यापाशी तांबूस भुकटी दिसत असेल, तर आतलं ग्रीस गेलं आणि पिन गंजली. तिला तेल टाकून फायदा नाही.

यानंतर तुमच्या प्रश्नाचा गाभा: ढील मोजणं. स्टीलची पट्टी जमिनीवर उभी धरा, दोन्ही स्प्रॉकेटच्या बरोबर मध्ये, खालच्या पट्ट्याजवळ. बोटाने चेन खाली दाबा, चेनच्या खालच्या कडेचा आकडा वाचा. मग वर उचला, पुन्हा वाचा. समजा खाली १८२ आणि वर २१०. ढील २८ मिमी. खालून मधल्या स्थितीपर्यंतचं अंतर मोजून तेवढ्यालाच ढील समजू नका, खालपासून वरपर्यंतचं पूर्ण अंतर म्हणजे ढील. आता चाक साधारण पाव फेरा फिरवा आणि पुन्हा मोजा. चेनची पूर्ण एक फेरी व्हायला चाकाला जवळपास तीन फेरे लागतात, म्हणून दहा-बारा ठिकाणी मोजावं लागेल. जिथे आकडा सर्वांत कमी येतो तिथे खडूने खूण करा. ही तुमची टाईट जागा, आणि ढील नेहमी याच जागेवर बसवायची. सैल जागेवर कितीही लोंबलेली दिसली तरी हात आवरा.

टाईट आणि सैल जागेतला फरक ८-१० मिमीच्या आत असेल तर चेन चालवण्याजोगी आहे. तो १५-२० मिमीवर गेला असेल तर कुठलंही अ‍ॅडजस्टमेंट तुम्हाला समाधान देणार नाही. टाईट जागी बरोबर ठेवलं तर सैल जागा आपटणार, सैल जागी बरोबर ठेवलं तर टाईट जागा गुणगुणणार. तुम्ही सांगितलेलं अगदी हेच आहे.

मग झीज मोजायची. पट्ट्यावर हलका भार देऊन चेन ताणलेली ठेवा आणि एका पिनच्या केंद्रापासून, ती पहिली धरून, एकविसाव्या पिनच्या केंद्रापर्यंत, म्हणजे २० कड्यांचं अंतर मोजा. केंद्र शोधणं अवघड वाटलं तर दोन्ही पिनांच्या डाव्या कडा धरून मोजा, उत्तर तेच येतं. ४२० आणि ४२८ नंबरच्या चेनमध्ये एक कडी अर्ध्या इंचाची, म्हणजे १२.७ मिमी, नवीन चेनला २० कड्यांचे २५४ मिमी होतात. २५९ म्हणजे बहुतेकांच्या हिशोबाने संपली. ५२०, ५२५ आणि ५३० च्या चेनमध्ये कडी १५.८७५ मिमीची, त्यामुळे नवीन ३१७.५ आणि मर्यादा सुमारे ३२३. काही कंपन्या त्याच्या आधीच थांबायला सांगतात. नंबर चेनच्या बाहेरच्या पट्टीवर ठोकलेला असतो. तीन-चार ठिकाणी मोजा आणि सर्वांत मोठा आकडा धरा. ४२८ च्या चेनने २५७ गाठले की मी तरी नवीन किट आणून ठेवा म्हणेन.

दोन तपासण्या पट्टीशिवायही होतात. मागच्या स्प्रॉकेटच्या अगदी मागच्या टोकाला चेन दोन बोटांत धरून मागे ओढा. दात अर्ध्याहून जास्त उघडा पडला तर चेन लांब झाली आहे. आणि दातांचा आकार बघा: दोन्ही बाजू सारख्या उताराच्या हव्यात. दात एका बाजूला झुकून समुद्राच्या लाटेसारखे दिसत असतील तर स्प्रॉकेट गेला. पुढचा छोटा स्प्रॉकेट आधी जातो, कारण त्याचा प्रत्येक दात मागच्यापेक्षा जवळपास तिप्पट वेळा चेनला भेटतो. पण तो कव्हरखाली लपलेला असल्याने कुणी बघत नाही.

किट बदलायची वेळ नाही असं ठरलं, तर अ‍ॅडजस्टमेंट. इथे एक हिशोब ध्यानात ठेवा, त्याने बहुतेक चुका टळतात. एक्सल मागे सरकवला की वरचा आणि खालचा असे दोन्ही पट्टे ताणले जातात, आणि मधोमध मोजलेली ढील एक्सलच्या सरकण्याच्या कितीतरी पट बदलते. दोन स्प्रॉकेटमध्ये ५५-६० सेंटिमीटर अंतर असलेल्या गाडीत ४० मिमीची ढील ३० वर आणायला एक्सल जेमतेम ०.३ मिमी मागे न्यावा लागतो. ८ मिमीच्या अ‍ॅडजस्टर बोल्टच्या आट्यांचं अंतर साधारण १.२५ मिमी असतं. म्हणजे पाव फेरा पुरतो! गॅरेजमधला अर्धा फेरा चेनला थेट ताणून ठेवतो तो यामुळे. याचीच दुसरी बाजू अशी, की ११८ कड्यांच्या चेनमध्ये प्रत्येक सांधा फक्त ०.००५ मिमीने झिजला तरी ढील दहाएक मिलिमीटर वाढते. चेन थोडी सैल झाली म्हणून घाबरण्यासारखं काही नसतं.

खूण केलेली टाईट जागा खालच्या पट्ट्याच्या मध्यावर आणा. एक्सलचा नट सैल करा, पूर्ण काढू नका. ड्रम ब्रेक असेल तर टॉर्क आर्मचा नटही थोडा सैल करा. स्प्लेंडरसारख्या गाड्यांत मागच्या स्प्रॉकेटच्या बाजूला एक्सलभोवती आणखी एक मोठा नट असतो, स्लीव्ह नट. तो सैल न करता अ‍ॅडजस्टर फिरवला तर स्प्रॉकेटची बाजू जागीच राहते आणि चाक तिरकं होतं. नटामध्ये स्प्लिट पिन असेल तर ती काढा आणि बसवताना नवीन घाला.

अ‍ॅडजस्टरचे प्रकार तीन. पहिल्यात एक्सलला अडकवलेली पट्टी किंवा बोल्ट स्विंगआर्मच्या शेपटाकडे येतो आणि त्यावर नट व लॉकनट असतात. नट आवळला की एक्सल मागे येतो, चेन टाईट होते. दुसऱ्यात बोल्ट स्विंगआर्ममध्येच आट्यांनी बसलेला असतो आणि एक्सलला मागे ढकलतो. तिथे बोल्ट बाहेर काढत नेला की चेन टाईट होते. पहिल्यांदा करताना पाव फेऱ्याने चेन टाईट झाली की सैल, हे बघूनच पुढे जा. तिसरा प्रकार गोगलगाईसारख्या खाचांच्या चकतीचा, बुलेटसारख्या गाड्यांत दिसणारा. त्यात दोन्हीकडची चकती मोजून सारख्याच खाचेवर ठेवायची.

प्रत्येक वेळी दोन्हीकडे पाव-पाव फेरा, मग चाक पुढे ढकलून एक्सल अ‍ॅडजस्टरला टेकवा आणि मोजा. ढील आकड्यावर आली की चाकाची रेषा तपासा. स्विंगआर्मवरच्या खुणा दोन्हीकडे सारख्या आल्या म्हणजे चाक सरळच, असं समजू नका. स्वस्त गाड्यांत त्या खुणा एखाद्या मिलिमीटरने इकडेतिकडे असतात. एकदाच वेळ काढून स्विंगआर्मच्या बोल्टच्या केंद्रापासून एक्सलच्या केंद्रापर्यंत दोन्हीकडे टेपने मोजा. खुणांवर विश्वास ठेवायचा की नाही ते कायमचं कळतं. मग गाडीच्या मागे उकिडवं बसून एक डोळा मिटून चेनच्या वरच्या पट्ट्याच्या रेषेत बघा. चेन मागच्या स्प्रॉकेटवरून सुटताना कुठे बाजूला वळते का? स्प्रॉकेटच्या दातांची एकच बाजू घासून चकचकीत झालेली असेल, तर चाक बरेच दिवस तिरकं चाललं आहे.

रेषा जुळली की एक्सलचा नट आवळायच्या आधी फडक्याची घट्ट गुंडाळी करून खालच्या बाजूने चेन आणि मागचा स्प्रॉकेट यांच्या मध्ये घाला आणि चाक हाताने पुढे फिरवून ती अडकवा. बोटं आधी बाहेर. यामुळे एक्सल अ‍ॅडजस्टरवर घट्ट टेकून राहतो आणि नट आवळताना हलत नाही. आता नट पूर्ण टॉर्कवर आवळा, गुंडाळी काढा, लॉकनट आवळा आणि पुन्हा मोजा. नट आवळल्यावर ढील दोन-तीन मिलिमीटर कमी झालेली बहुतेक वेळा दिसते. आकडा मर्यादेबाहेर गेला तर नट सैल करून पुन्हा करायचं, कंटाळा करायचा नाही. स्लीव्ह नट आणि टॉर्क आर्मचा नट आवळायला विसरू नका. टॉर्क आर्म सुटला तर ब्रेक दाबताच ड्रमची प्लेट फिरते.

ड्रम ब्रेकच्या गाडीत अजून एक काम उरतं. चाक मागे गेलं म्हणजे ब्रेकचा रॉड ताणला गेला. पेडलचा खेळ कमी होतो, कधीकधी ब्रेक घासतच राहतो आणि लोक म्हणतात चेन टाईट केल्यापासून मायलेज गेलं. रॉडच्या मागच्या टोकाचा नट फिरवून पेडलचा खेळ मॅन्युअलप्रमाणे, बहुधा २० ते ३० मिमी करा. चाक मोकळं फिरतं का आणि मागचा दिवा योग्य वेळी लागतो का, दोन्ही बघा. डिस्क ब्रेक असेल तर निघण्यापूर्वी पेडल दोन-चार वेळा दाबा.

शेवटी दोन जणांना गाडीवर बसवा आणि खालचा पट्टा बोटाने हलवून बघा. टाईट जागेवरही थोडा खेळ उरला पाहिजे. तारेसारखा ताणलेला लागला तर स्टँडवरचा आकडा काहीही असो, चेन टाईट आहे.

तेल अ‍ॅडजस्टमेंटनंतर टाका, आणि शक्यतो संध्याकाळी, गाडी चालवून चेन कोमट असताना. एसएई ९० किंवा ८०डब्ल्यू-९० गिअर ऑईल ओ-रिंगच्या आणि साध्या, दोन्ही चेनना चालतं. चेन लूब्रिकंटचा स्प्रे कमी उडतो म्हणून सोयीचा, मात्र डब्यावर ओ-रिंगला चालतो असं लिहिलेलं बघून घ्या. तेल खालच्या पट्ट्याच्या आतल्या बाजूला टाका, म्हणजे चाकासोबत फिरताना ते बाहेरच्या दिशेने चेनमध्ये शिरतं. सुई काढलेल्या सिरिंजने प्रत्येक कडीला दोन थेंब, एक डाव्या आणि एक उजव्या पट्ट्यांच्या फटीवर. साऱ्या चेनला ५ ते ८ मिली पुरतं. रात्रभर राहू द्या आणि सकाळी बाहेरून कोरडं पुसा. बाहेर दिसणारं तेल कामाचं नसतं, ते धूळ धरतं आणि टायरवर उडतं. जाड ग्रीस बोटाने थापणं म्हणूनच चुकीचं: ते सांध्यात शिरत नाही, वर माती धरतं आणि वाळूच्या लेपासारखं दात घासतं. गाडीतून काढलेलं काळं ऑईलही नको, त्यात धातूची भुकटी आणि ज्वलनाची घाण असते. गंज सोडवायचा पातळ स्प्रे साफसफाईपुरता ठीक, पण त्याची ओल एखाद-दोन दिवसांत उडून जाते.

उघड्या चेनला दर ५०० किलोमीटरला तेल आणि ढिलीची तपासणी, पावसाळ्यात ३०० ला, आणि भिजून घरी आल्यावर पुसून लगेच हलका हात. बंद कव्हरच्या चेनला दर हजार किलोमीटरला पुरे. कव्हरच्या रबरी बुचातून ढील मोजता येते, पण वर्षातून एकदा पावसाळ्यानंतर खालचं कव्हर खोलून आतला चिखल काढा.

सगळं करूनही अ‍ॅक्सिलरेटर सोडता-धरताना धक्का जाणवत असेल तर चेनला दोष देण्याआधी कपलिंग रबर (मागच्या हबमधले धक्का शोषणारे रबर) बघा. मागचं चाक एका हाताने धरून मागचा स्प्रॉकेट पुढे-मागे हलवा. तो बोटभर हलत असेल तर हबमधले रबर बसले आहेत. ही स्वस्त वस्तू आहे, आणि तिच्यापायी कित्येक चांगल्या चेन उगाच टाईट होतात. स्प्रॉकेट डाव्या-उजव्या बाजूला डुलत असेल तर त्याचं बेअरिंग गेलं.

आणि किट बदलायचंच ठरलं तर चेन आणि दोन्ही स्प्रॉकेट एकदम बदला. झिजलेल्या दातांवर नवीन चेन घातली तर ती जुन्या चेनच्या मापाला जुळायला काही हजार किलोमीटरच घेते. अ‍ॅडजस्टर शेवटच्या खुणेवर आला म्हणून कड्या काढून चेन आखूड करायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. लांबी कमी झाली तरी प्रत्येक कडीचं अंतर वाढलेलंच राहतं, रोलर दाताच्या बुडाशी न बसता वर चढतो आणि भार पडल्यावर उडी मारतो. उडालेली चेन पुढच्या स्प्रॉकेटपाशी गोळा झाली की चाक जाम होतं किंवा इंजिनचं कव्हर फुटतं.

चेनला क्लिपचं लॉक असेल तर क्लिपचं बंद तोंड चेन जिकडे धावते तिकडे असावं: वरच्या पट्ट्यावर पुढे, खालच्या पट्ट्यावर मागे. उलटी क्लिप कव्हरला किंवा दगडाला लागून निघून जाते. ओ-रिंगच्या चेनमध्ये लॉकच्या दोन पिनांवर चारही रबरी कड्या घातल्या आहेत ना, हे क्लिप बसवण्याआधी मोजा. पुढच्या स्प्रॉकेटची लॉक प्लेट आणि तिचे बोल्ट नीट बसलेत की नाही तेही बघा. नवीन चेन पहिल्या ३०० ते ५०० किलोमीटरमध्ये पिना आणि बुश एकमेकांत बसताना पटकन सैल होते. तेव्हा एकदा टाईट जागा शोधून ढील बसवायची आणि एक्सलचा नट पुन्हा टॉर्कवर तपासायचा. त्यानंतर ती बराच काळ हलत नाही.